अमावास्येचा खिळा

प्रिय बाबा,

आज सकाळी कॉलेजात पत्र आलं. टीव्हीवरच्या प्राध्यापकांच्या प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीचं चित्रीकरण सोमवारी आहे. आमच्या संघातल्या तिघांनी अकरा वाजता स्टुडिओत हजर राहायचं, एकरंगी कपडे घालायचे, बारीक चौकड्या टाळायच्या. सावंत सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग तास होता म्हणून वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहायचं तेच आठवेना.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. या दिवसांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण जे बोलायचं होतं ते सोडून. आता सोमवार जवळ आलाय. त्याआधी तुला सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

कॉलेजात तुझा विषय निघाला की मी 'माझे वडील, ते' असं म्हणायचे. इथे तूच बरा.

तुला आठवतं, मी सातवीत असताना खाडीच्या बांधावर बसून तू मला उधाणाचं गणित सांगितलं होतंस? शाळेत बाईंनी शिकवलं होतं की पौर्णिमेला आणि अमावास्येला सगळ्यात मोठी भरती येते. मी ते तुला मोठ्या ऐटीत सांगितलं. तू उघाडीच्या खांबाला टेकून विडी ओढत होतास. म्हणालास, "बाईंना सांग, अमावास्येला येऊन बघा आन् मंग द्वितीयेला येऊन बघा. द्वितीयेचा पानी जास्ती."

मी विचारलं, असं का? चंद्र तर अमावास्येलाच ओढतो ना?

"ओढतो. पन समुंदर केवढा जड हाय! हाक मारली की लगेच उठतो का कोन? त्याला उठायला दोन दिस लागतात."

सावंत सर मूळचे घाटावरचे. त्यांना एकदा मी उघाडी म्हणजे काय ते समजावत होते. बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला बंद करून खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. सर म्हणाले, म्हणजे तुझे वडील वॉचमन का? मी हो म्हणाले. तेव्हाही मी हो म्हणाले, बाबा. सांगायला हवं होतं की अख्ख्या गावाची भातं त्या एका दरवाज्यामागे उभी असतात आणि तो कधी उघडायचा, कधी दाबून धरायचा हे आधी आजोबांना आणि त्यांच्यानंतर फक्त तुला कळायचं.

आणि तुझे ते खिळे. होडीला मारतात तसे तांब्याचे. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात वर्षभरसुद्धा राहत नाही म्हणायचास. वर्षातून एकदा, श्रावणातल्या द्वितीयेला, पाणी जिथवर चढलं तिथे खांबावर एक खिळा. कुठल्या वर्षीचा वर, कुठल्या वर्षीचा खाली. सगळ्यात खालच्या अंगाला आजोबांचे, हिरवे पडलेले. माझ्या जन्माच्या वर्षीचा कुठला ते तू मला किती वेळा दाखवलंस!

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला एका जाड पुस्तकात मला दोन ओळी सापडल्या. मोठी भरती चंद्राच्या मागून एक-दोन दिवसांनी येते, असं त्यात लिहिलं होतं. त्या शनिवारी मी एसटीतून उतरले ती घरी न जाता सरळ बांधावर आले. तुला ते मराठीत करून वाचून दाखवलं. तू नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मंग हे पुस्तकवाले आपल्या उघाडीवर कवा येऊन गेले?" मग आपण दोघं किती हसलो होतो.

म्हणजे मला माहीत होतं. तुझ्याकडून माहीत होतं आणि पुस्तकातूनही माहीत होतं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला स्वतःची सुटका करून घेता येणार नाही.

उपांत्य सामन्याचं तुला मी कधी धड सांगितलंच नाही. तू टीव्हीवर पाहिलंस तेवढंच. स्टुडिओ बाहेरून गोदामासारखा होता आणि आत इतकी थंडी की मुकादम मॅडमनी पर्समधून शाल काढली. त्या कॉमर्सच्या, सावंत सर इतिहासाचे आणि कप्तान, मी भूगोलाची. पलीकडे रत्नागिरीच्या बाजूच्या एका कॉलेजचा संघ होता. त्यांचे कप्तान मयेकर सर, निवृत्तीला आलेले, पांढरे केस, खिशाला दोन पेनं. चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं होतं, "पहिल्यांदाच का? घाबरू नका. ते बटण आपल्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं."

शेवटच्या प्रश्नाला दोन्ही संघ बरोबरीत होते. निवेदकाने कार्ड उचललं. महिन्यातली सर्वांत मोठी भरती कोणत्या तिथीला येते?

बाबा, मला हसूच आलं. वाटलं, हा प्रश्न माझ्यासाठीच ठेवला होता. पण बटण मयेकर सरांनी आधी दाबलं. ते शांतपणे म्हणाले, "द्वितीयेला. अमावास्येनंतरच्या किंवा पौर्णिमेनंतरच्या."

निवेदक म्हणाला, "उत्तर चुकलंय, सर."

"चुकलं? जरा पुन्हा बघता का?"

"सर, आमच्याकडे वेगळं आहे. प्रश्न रायगडच्या संघाकडे. पंधरा सेकंद."

सावंत सर माझ्या कानाशी म्हणाले, "भूगोल तुझा. बोल."

मी घाबरले नव्हते. गोंधळलेही नव्हते. लोक म्हणतात, ऐन वेळी सुचलं नाही. मला सगळं सुचलं होतं. कार्डावर काय असणार हे निवेदक 'चुकलंय' म्हणाला तेव्हाच मला कळलं. सातवीच्या पुस्तकातलं वाक्य. मी खाली पाहिलं. आईने दिलेली साडी नेसले होते, तिचे काठ दिसले. मग मान वर करून म्हणाले, "पौर्णिमा आणि अमावास्या."

संगीत वाजलं, दिवे लागले, मुकादम मॅडमनी मला मिठी मारली.

का केलं असं? गुणांसाठी, हे तर आहेच. मी तासिकांवर शिकवते, वर्षाच्या शेवटी पुन्हा अर्ज करते. जिंकलेली बाई प्राचार्यांच्या लक्षात राहते. पण ते खरं कारण नाही. तू बघणार होतास म्हणून मला जिंकायचं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो तू ओटीवर लावलास. त्याच्या शेजारी आता काहीतरी नवं लागावं असं मला वाटत होतं. तुला दाखवायला मी तुझंच उत्तर चूक ठरू दिलं. हे आज लिहिताना जेवढं वेडेपणाचं वाटतं तेवढं त्या पंधरा सेकंदांत अजिबात वाटलं नव्हतं.

निघताना मयेकर सर दारात भेटले. अभिनंदन केलं. मग विचारलं, "मॅडम, तुम्ही गाव कुठलं म्हणालात?"

"उरणच्या बाजूला."

"अगदी खाडीकाठी?"

"हो."

"अच्छा," एवढंच म्हणाले ते, आणि माझ्यासाठी दार धरून उभे राहिले.

प्रसारणाच्या रविवारी मी घरी आले. येऊ नये असं वाटत होतं, पण तू समाजमंदिरातला टीव्ही ठरवून ठेवला होतास, खुर्च्या लावल्या होत्यास, इस्त्रीचा शर्ट घातला होतास. मी दिसले की तू दर वेळी मागे वळून लोकांकडे बघत होतास. ते मला बघवत नव्हतं, कारण शेवटचा प्रश्न यायचा होता.

तो आला. मयेकर सर म्हणाले, द्वितीयेला. आणि तू खुर्चीतून अर्धा उठलास. "बरोबर! मास्तरानं बरोबर सांगला!" तुला पलीकडच्या संघाचा आनंद झाला, बाबा. तुझी मुलगी इकडे होती तरी. मग निवेदक म्हणाला चूक. मग मी बोलले.

समाजमंदिरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू हळूच खाली बसलास. पांडूकाका तर अशी संधी सोडणारच नव्हते. "काय रे धर्मा, इतकी वर्षं आम्हाला द्वितीया द्वितीया सांगून बांधावर बसवलास! पोरगी तर अमावास्या सांगते. मॅडम खरी का तू खरा?" सगळे हसले. तूसुद्धा हसलास. म्हणालास, "ती शिकलेली हाय. मी काय, चौथी पास."

मी तिथेच होते. तुझ्यापासून दोन खुर्च्या सोडून. एक वाक्य बोलायचं होतं. 'काका, बाबा खरे आहेत.' बस. मी पेढ्यांचा डबा उघडला आणि सगळ्यांना पेढे वाटत सुटले.

घरी आल्यावर तू फक्त एवढंच विचारलंस, "त्या मास्तराचे गुण गेले?"

"हो."

"म्हातारा मानूस व्हता," म्हणालास आणि हातपाय धुवायला गेलास. तू मला रागावला का नाहीस? एक शब्द तरी बोलायचा. 'तुला म्हायत व्हता ना' असं विचारलं असतंस तर मी तिथेच रडले असते आणि सगळं मोकळं झालं असतं. पण तू विचारलं नाहीस, आणि मी स्वतःहून सांगितलं नाही. मग मला भीती वाटायला लागली की तुला खरंच वाटतंय मी विसरले. किंवा त्याहून वाईट. मी इतकं शिकून तुझं सगळं खोटं ठरवलं, असं तुला वाटतंय.

त्यानंतर दोन रविवार मी आलेच नाही. पेपर तपासायचे आहेत, असं कळवलं. पेपर होते, पण दोन रविवारांइतके नव्हते.

मग श्रावण लागला, आणि द्वितीयेच्या संध्याकाळी तुझा फोन आला. मागे वारा वाजत होता.

"बाय, उद्या येतेस का?"

"उद्या नाही जमणार, बाबा. पेपर आहेत."

"बरा. काय न्हाय. एक दाखवायचा व्हता तुला."

"काय?"

"येशील तवा दाखवीन. हाय तिथंच हाय, कुठं जात न्हाय."

तू असं म्हणालास आणि मी पुन्हा विचारलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी तू ओटीवर चहाचा कप खाली ठेवलास, आईला म्हणालास छातीत दुखतंय, आणि गाडी यायच्या आत संपलं. मला कॉलेजच्या शिपायाने वर्गाबाहेर बोलावलं. मी खडू हातात घेऊनच घरापर्यंत आले होते, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं.

दिवस-पाणी झालं, लोक येऊन गेले. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. पांडूकाका तर ओटीवर बसून लहान मुलासारखे रडले. उघाडी कोण बघणार, हा विषय निघाला. पण मी बांधाकडे गेले नाही. मला जाववत नव्हतं.

गेल्या रविवारी गेले. ओहोटी होती, खांब पायथ्यापर्यंत उघडा पडला होता. मी तुझे खिळे बघत होते. सगळे हिरवे, काळपट. आणि त्यांत दोन अजून तांबडे होते. दोन, बाबा. एक खाली, एक चार बोटं वर.

तू वर्षाला एकच खिळा मारायचास. दुसरा कशाला?

मी घरी आले, आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अमावास्येच्या दुपारी खिळा न् हातोडी घेऊन निघाला. मी बोलले, आज कशाला? द्वितीयेला मारतोस ना? तर बोलला, बाय बोलली हाय टीव्हीवर. तिनं एवढी पुस्तकं वाचलीत. मना बघू तर दे."

"आणि मग?"

"मंग काय. भिजून आला. दोन दिसांनी परत गेला. एकटाच. त्या दिवशी कोन आला न्हाय बांधावर, सगळी बोलली, अमावास्या झाली, आता काय. संध्याकाळी आला. जेवताना बोलला, तिला दाखवला पायजे. लगेच फोन लावला तुला."

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि तांदूळ निवडत बसले. मला दुसरं काही करता येईना.

तेव्हापासून त्या खालच्या खिळ्यापाशीच माझं मन जातं. वरचा खिळा तुझा. तो तू दर वर्षी मारायचास. पण खालचा? तो मारताना तुला माहीत नव्हतं की दोन दिवसांनी काय होणार. चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं, तुझ्या बापाने त्याआधी पाहिलेलं, ते सगळं तू बाजूला ठेवलंस, का तर बाय बोलली. दोन दिवस तू स्वतःला चूक ठरू द्यायला तयार होतास. आणि मी पंधरा सेकंद खरं बोलायला तयार नव्हते. वर्गात मुलांना मी काय सांगते माहीत आहे? पुस्तकात आहे म्हणून मानू नका, जाऊन बघा. हे वाक्य माझं आहे असं मला वाटायचं.

मला काय दाखवणार होतास? 'बघ, मी खरा' असं? मला नाही वाटत. मला वाटतं तू एवढंच म्हणाला असतास, "बाय, मी दोन्ही दिस बघितला." आणि मग मला बघायला सांगून बाजूला उभा राहिला असतास.

दुसऱ्याच दिवशी मी मुकादम मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी जेवणाचा डबा बंद केला आणि म्हणाल्या, "अगं, मग रडत काय बसलीस? त्या बुजुर्ग माणसाला फोन कर. माफी मागायला मुहूर्त बघतात का?" त्यांनीच नंबर मिळवून दिला. मयेकर सर फोनवर म्हणाले, "मला ठाऊक होतं तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर देण्याआधी तुम्ही खाली पाहिलंत. तुम्हाला कुणी शिकवलं होतं?" मी म्हणाले, बाबांनी. "मग त्यांना माझा नमस्कार सांगा." मी म्हणाले, ते गेले, सर. ते म्हणाले, "मग आता मोजायचं काम तुमचं."

कार्यक्रमवाल्यांना मी लगेच ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं की निकाल कार्डाप्रमाणे लागतो आणि तो बदलत नाही. सावंत सर भले आहेत, पण तेही वैतागले. "दर्शना, आपण तिथे सामना खेळायला गेलो होतो, समुद्र मोजायला नाही. आता हे कशाला उकरून काढतेस? कॉलेजचं नाव पहिल्यांदा इथवर आलंय." मी म्हणाले, सर, सुरुवातीला प्रत्येकाला ओळख सांगायला अर्धा मिनिट देतात. त्यात मी सांगणार. ते म्हणाले, "कापून टाकतील." कापतीलही. मग टीव्हीवर मी फक्त नाव, विषय आणि कॉलेज एवढंच सांगताना दिसेन. पण समोर शंभर-दोनशे माणसं बसलेली असतात, त्यांच्या कानांतून कसं कापणार? सोमवारी ते मला संघात ठेवतील की ऐन वेळी दुसऱ्या कुणाला नेतील, मला माहीत नाही. मी जायची तयारी ठेवली आहे. नाही नेलं तरी चालेल.

पण ते सोमवारी. त्याआधी आपलं काम आहे.

परवा पिठोरी अमावास्या. दुपारी बाराच्या सुमाराला भरती आहे. त्यानंतर दोन दिवसांनी द्वितीया. काल मी पांडूकाकांकडे गेले आणि ओटीवर चार माणसं बसली होती त्यांच्यासमोर म्हणाले, काका, त्या दिवशी टीव्हीवर मी खोटं बोलले. बाबा खरे होते आणि मला ते माहीत होतं. मला वाटलं, काहीतरी टोमणा येणार. ते म्हणाले, "आमाला म्हायत व्हता गं. चाळीस वर्षं आमी काय झोपा काढल्या काय त्या बांधावर? मी धर्माची मस्करी केली फक्त." मग त्यांचा आवाज बदलला. "पन त्या दिवशी त्याच्यासंगती बांधावर कोन न्हाय गेला. मी पन न्हाय गेलो."

म्हणजे मी एकटी नव्हते. याने बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

द्वितीयेला काका येणार आहेत. माझ्या वर्गातल्या नऊ मुली येणार आहेत. आईने तुझ्या पत्र्याच्या डब्यातून दोन खिळे काढून फडक्यात बांधून दिलेत. मी तुला शब्द देते, बाबा, की मी दोन्ही दिवस जाईन. अमावास्येलाही जाईन, जरी मला उत्तर माहीत असलं तरी. आधी बघेन, मग खिळा मारेन, मग बोलेन. आणि पुढे कुणी कितीही मोठ्या दिव्याखाली उभं करून विचारलं, तरी मी खांबावर जे आहे तेच सांगेन.

तू हाक मारली होतीस. समुद्राला उठायला दोन दिवस लागतात. मला महिना लागला.

तुझी बाय,
दर्शना